त्याला बोललों, कीं त्याच्याशीं बोललों?



आपली मायबोली कधीं कधीं एका लहानशा प्रत्ययांत मोठा विचार सांठवून ठेविते. ‘मी त्याच्याशीं बोललों’ असें कोणी म्हटलें म्हणजे दोघे जण बसून बोलले असें आपण समजतों. ‘मी त्याला बोललों’ असें म्हटलें, कीं ऐकणारा लगेच विचारतो, ‘कां? त्यानें काय केलें होतें?’ क्रियापद तेंच, माणसें तींच. ‘शीं’च्या जागीं ‘ला’ आला मात्र, आणि संभाषणाचें रागें भरणें झालें. ‘बोलणीं चाललीं आहेत’ म्हणजे दोन्ही पक्ष बैठकीवर आहेत, सोयरीक जुळण्याचा संभव आहे. ‘बोलणीं खाल्लीं’ म्हणजे एक जण खालीं मान घालून उभा आहे. ‘सुनावणी’ म्हणजे कोर्टांत आपलें म्हणणें ऐकिलें जाणें. ‘सुनावणें’ म्हणजे दुसऱ्याचें न ऐकतां आपलें त्याच्या कानांत ओतणें. फार काय, ‘ऐकणें’ हा शब्दही निर्मळ राहिलेला नाहीं. ‘पोरगा माझें ऐकत नाहीं’ असें बाप म्हणतो, तेव्हां पोराचे कान शाबूत असतात. तो सांगितलेलें करीत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. ‘बाप माझें ऐकत नाहीं’ असें पोरानें म्हटलें, तर लोक हंसतात.

ह्या ‘ला’ व ‘शीं’कडे माझें लक्ष व्याकरणाच्या पुस्तकानें वेधलें नाहीं, आमच्या मंडळींतील एका वृद्ध बाईंनीं वेधलें. ह्या बाई पूर्वी बायबलबाई म्हणून खेडोपाडीं हिंडलेल्या. आतां दृष्टि अधू झाली आहे, पण कान तीक्ष्ण आहेत. एका वस्तीवर एका विधवेचा वीस वर्षांचा मुलगा विहिरींत बुडून वारला. अंत्यविधीनंतर आठव्या दिवशीं मी ह्या बाईंना बरोबर घेऊन तिच्या घरीं गेलों. मीं शास्त्रांतून वाचलें, पुनरुत्थानाच्या आशेविषयीं सांगितलें, प्रार्थना केली. पाऊण तास झाला. ती माउली तोंडाला पदर लावून बसली होती व मधून मधून मान हालवीत होती. निघतांना तिनें चहाचें विचारलें. मीं उशीर झाल्याचें सांगितलें.

परत येतांना बांधावर बाई थांबल्या व म्हणाल्या, ‘पाळकसाहेब, रागावूं नका. तुम्ही तिला सांगून आलां. तिच्याशीं बोलून आलां नाहीं.’ मीं कारण विचारलें. त्या म्हणाल्या, ‘तिच्या पोटांत एक गोष्ट आहे. आठ दिवस ती कोणाला तरी सांगायला बघते आहे. त्या दिवशीं सकाळीं ती पोराला बोलली होती. तुम्ही पाऊण तासांत तिला तें एक वाक्य ठेवायला जागा ठेवली नाहीं.’

तरीही त्या रात्रीं रोजनिशींत मीं ‘सांत्वन केलें’ असेंच लिहिलें. दुसरा शब्द मजपाशीं नव्हता. माझ्या कामासाठीं मला जे शब्द शिकविले गेले ते सगळे जाणारे होते: उपदेश, बोध, समज, कानउघाडणी, सांत्वन. इकडून तिकडे जाणारे. तिकडून इकडे येणारा शब्द एकही नव्हता. सेमिनरींत उपदेशशास्त्राचा तास असे; ऐकण्याचा तास वेळापत्रकांत पाहिल्याचें मला स्मरत नाहीं.

तेव्हांपासून मी एकतर्फी बोलण्याला आपले लोक काय काय म्हणतात, हें लक्षपूर्वक ऐकूं लागलों. लांबलचक एकसुरी बोलण्यासाठीं आपण शेतांतून व घरांतून शब्द आणिले आहेत: चऱ्हाट, गुऱ्हाळ, टकळी. चऱ्हाटाला पीळ घालीत जावें तसें तें लांबत जातें. टकळी एकाच जागीं गरगरते. गुऱ्हाळांत जुन्या काळीं बैल चरकाभोंवतीं दिवसभर चालत, आणि संध्याकाळीं जेथल्या तेथें असत. तिन्ही फिरणाऱ्या वस्तु. पुढें जाणारी एकही नाहीं. (गुऱ्हाळावर मात्र हा थोडासा अन्यायच आहे, तेथें अखेरीस गूळ तरी निघतो.) हे शब्द विनोदी आहेत, त्यांनीं फारसें कोणाचें नुकसान होत नाहीं. पण दुसरे कांहीं शब्द असे आहेत, कीं ते बोलणें किती लांबलें हें पाहत नाहींत, बोलणारा कोण आहे हें पाहतात. पाटील अर्धा तास बोलले, तर त्यांनीं ‘समज दिली’. गुरुजी बोलले, तर ‘उपदेश केला’. साहेब बोलले, तर ‘सूचना दिल्या’. तेवढाच वेळ सून बोलली, तर तिनें ‘कटकट’ केली. गडी बोलला, तर त्याची ‘कुरकुर’. म्हातारी बोलली, तर ‘बडबड’. गरिबानें आपली हकीकत सांगितली, तर तें ‘रडगाणें’. आणि लहानानें मोठ्याला नुसतें उत्तर दिलें, तरी तो ‘उलट बोलला’. वास्तविक ज्याला आपण संवाद म्हणतों त्यांत एकानें बोलावें व दुसऱ्यानें उलट बोलावें, हेंच अपेक्षित असतें. आपल्याकडे मात्र ‘उलट’ बोलणें हा गुन्हा झाला.

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांना ह्याचा अर्थ पुस्तकांतून शिकावा लागत नाहीं. आपले आजेपणजे गांवकुसाबाहेर राहिले. त्यांना निरोप दुरून मिळे, हुकूम दुरून मिळे, आणि उत्तरादाखल मान लववून होकार देणें एवढेंच त्यांच्या वाट्याला येई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं 1920 सालच्या जानेवारींत जें पाक्षिक सुरू केलें, त्याचें नांव ‘मूकनायक’ ठेविलें. ज्या लोकांसाठीं तें निघालें त्यांना जीभ नव्हती असें नाहीं. भारुडें, भजनें, ओव्या ह्यांत त्यांची जीभ शतकानुशतकें चालत आली होती. त्यांच्या बोलण्याला कोणी बोलणें म्हणत नव्हतें, म्हणून ते मुके. त्याच्याही आधीं, 1873 सालीं, जोतीराव फुल्यांनीं ‘गुलामगिरी’ लिहिली, ती दोघांच्या संवादाच्या रूपानें: धोंडीबा विचारतो व जोतीराव उत्तर देतात. शतकानुशतकें ज्यांना केवळ सांगण्यांत आलें, त्यांच्या हातीं पुस्तक देतांना त्यांनीं त्यांतल्या एका पात्राच्या तोंडीं प्रश्न ठेविले, हें मला अर्थपूर्ण वाटतें.

आतां कोणी विचारील, पाळकानेंच असें म्हणावें काय? दर रविवारीं व्यासपीठावर एकटा उभा राहून अर्धा तास बोलणारा हाच माणूस! प्रश्न रास्त आहे, आणि त्यानें मला बरेच दिवस छळलें. ह्या बाबतींत मला ईयोबाच्या पुस्तकानें मोठें साह्य केलें. त्याचे तिघे मित्र आले ते प्रथम सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसून राहिले. त्यांनीं केलेलें उत्तम काम तें हेंच, असें मला वाटतें. मग ईयोबानें तोंड उघडलें आणि वादाला आरंभ झाला. पुढें बिल्दद ईयोबाच्या बोलण्याला वारा म्हणतो, एलीफजही तसेंच म्हणतो. आणि उलट ईयोब त्यांच्या बोलण्याला वारा म्हणतो. म्हणजे दोन्ही पक्षांजवळ एकच शिवी आहे. नुसत्या शब्दांवरून निवाडा करावयाचा म्हटलें, तर तो होणार नाहीं. लांबीवरून करावयाचा म्हटलें, तर ईयोबच दोषी ठरेल, कारण त्या चौघांत सर्वांत अधिक तोच बोलला आहे. तथापि अखेरीस देव त्या मित्रांवर रागावतो, आणि ईयोब आपणाविषयीं यथार्थ बोलला असें सांगतो. असें कां? मित्रांच्या भाषणांत खोटें शोधूं गेल्यास फारसें सांपडत नाहीं. त्यांतलीं कित्येक वाक्यें आपण आजही उपदेशांत वापरूं शकूं. परंतु त्यांनीं ईयोबाला एकही खरा प्रश्न विचारला नाहीं. उत्तर त्यांनीं घरूनच बांधून आणिलें होतें. ईयोब मात्र ओरडून का होईना, देवाला विचारीत होता, आणि उत्तराची वाट पाहत होता.

तेव्हां कितीं तोंडें चाललीं ह्यावरून बोलणें एकतर्फी ठरत नाहीं. दुसऱ्याचें उत्तर येण्याला वाट ठेविली होती कीं नाहीं, ह्यावरून ठरतें. उपदेशाला युरोपांत जे शब्द रूढ झाले त्यांची कुळी पाहिली, तरी हेंच दिसतें. इंग्रजींतला ‘सर्मन’ हा शब्द लॅटिन ‘सर्मो’पासून आला, आणि ‘सर्मो’ म्हणजे मुळांत गप्पा, संभाषण. ‘होमिली’ हा शब्द ग्रीक ‘होमिलिया’पासून, त्याचा अर्थ सहवास, एकमेकांशीं बोलणें. ज्या शास्त्राच्या तासाला मी व्यासपीठावरून कसें बोलावें हें शिकलों, त्याच्या नांवांतच दोघांचें बोलणें होतें, आणि तें माझ्या कानीं पडलें नाहीं! नव्या करारांत ह्या कुळींतलें क्रियापद चारच वेळां येतें. त्यांपैकीं दोन वेळां तें अम्माऊसच्या वाटेनें जाणाऱ्या दोघां शिष्यांच्या आपसांतील बोलण्याविषयीं आहे. तेथें प्रभु काय करितो पाहा. झालेलें सर्व त्याला इतर कोणाहीपेक्षां अधिक ठाऊक आहे. तरी तो विचारतो, तुम्ही कशाविषयीं बोलत आहां? ते म्हणतात, तुला ठाऊक नाहीं काय? तो पुन्हां विचारतो, काय झालें? मग ते दोघे त्याला त्याच्याच मरणाची हकीकत सांगतात, आणि तो ती शेवटपर्यंत ऐकून घेतो. त्यानंतर मोशापासून व संदेष्ट्यांपासून आरंभ करून तो जें सांगतो तें एकट्याचें बोलणें आहे, आणि तें लांबही असलें पाहिजे. पण तें एकतर्फी आहे असें कोण म्हणेल?

तिसऱ्या वेळीं तें क्रियापद त्रोवसाच्या माडीवर येतें. (चौथी जागा फेलिक्साच्या वाड्यांतली, तेथें लांचेची आशा होती, म्हणून ती सोडून देऊं.) पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, आणि युतुख नांवाचा तरुण खिडकींत बसल्या बसल्या झोंप लागून तिसऱ्या मजल्यावरून खालीं पडला. उपदेशकांनीं हा अध्याय वर्षांतून एकदां तरी स्वतःसाठीं वाचावा. पौलानें खालीं जाऊन त्या मुलाला कवटाळलें; मग वर जाऊन भाकर मोडली, आणि उजाडेपर्यंत तो त्यांच्याशीं बोलला. हें जें भाकर मोडल्यानंतरचें बोलणें, तेथें लूक अम्माऊसच्या वाटेवरचा शब्द वापरतो. त्या दुसऱ्या खेपेस कोणी झोंपल्याची नोंद नाहीं.

आपल्याकडील कीर्तनांतही एकच मनुष्य उभा असतो. पण मागें टाळकरी असतात, लोक भजनांत सूर मिळवितात, बुवा मध्येंच थांबून सभेकडे पाहतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं (1861–1919) ख्रिस्ती कीर्तनाला चालना दिली, त्यांत आपल्या लोकांच्या कानाची ही ओळख होती असें मी समजतों. तथापि सावध असावें. नुसता हुंकार म्हणजे उत्तर नव्हे. मान हालविणारी ती माउलीही हुंकारच देत होती.

संस्कृत नाट्यशास्त्रांत एकट्याच्या बोलण्याला बारीक भेदाचे शब्द आहेत. पात्र मनाशीं बोलतें तें ‘स्वगत’. इतरांस चुकवून एकालाच सांगतें तें ‘जनांतिक’. आणि ‘भाण’ म्हणून रूपकाचा एक प्रकार आहे, त्यांत रंगभूमीवर एकच नट असतो. तो आकाशाकडे पाहून अदृश्य माणसांना प्रश्न विचारतो, ‘काय म्हणतोस?’ असें म्हणून त्यांचें उत्तरही स्वतःच बोलून दाखवितो, आणि मग त्या उत्तराला उत्तर देतो. रंगभूमीवर ही गंमत आहे. घरांत मात्र नवरा बायकोशीं, सासू सुनेशीं, पंच सभासदाशीं रोज भाण करितात: ‘तूं काय म्हणणार तें मला ठाऊक आहे, तूं म्हणशील कीं…’ समोर बसलेलें माणूस हाडामांसाचें असतें, आणि आपण त्याला अदृश्य करून टाकितों.

उलट, संत ऑगस्टीन बाप्तिस्म्यापूर्वी, 386–387 च्या सुमारास, खरोखर एकटा बसून एक पुस्तक लिहीत होता. त्याला नांव द्यावयास लॅटिनांत शब्द मिळेना, म्हणून त्यानें स्वतःच एक घडविला: ‘सोलिलोक्विया’, म्हणजे एकट्याचीं भाषणें. पण पुस्तक उघडून पाहावें तों तें संवादरूप आहे. एक बाजू ऑगस्टीनाची, दुसरी त्याच्या विवेकबुद्धीची, आणि ती त्याला वारंवार अडवून जाब विचारते. तो एकटा असून दोघे होते. मंदिरांतला परूशी देवासमोर उभा होता, जवळच जकातदारही होता, आणि लूक म्हणतो कीं तो आपल्याशींच प्रार्थना करीत होता. तो तिघांत असून एकटा होता.

‘एकतर्फी’ हा शब्द मुळांत कचेरींतला, आणि कचेरींत त्याचा अर्थ नेमका आहे. 1908 सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणें समन्स बजावूनही प्रतिवादी हजर झाला नाहीं, तर न्यायाधीशाला काम एकतर्फी चालवितां येतें. पण समन्स रीतसर पोंचलें नव्हतें, किंवा न येण्यास पुरेसें कारण होतें, असें प्रतिवादीनें दाखविलें, तर तो एकतर्फी हुकूमनामा रद्द होऊं शकतो. म्हणजे एकच बाजू बोलली हा दोष नव्हे. दुसऱ्या बाजूला बोलावणें पोंचलेंच नाहीं, हा दोष. फेस्तासारख्या रोमी अधिकाऱ्यालाही आरोपीला फिर्यादींसमोर प्रत्युत्तराची संधि दिल्यावांचून शिक्षेस देणें योग्य वाटलें नाहीं; निकदेमानें भर सभेंत हाच मुद्दा काढिला, तेव्हां त्याची थट्टा झाली.

हें मी कायदा शिकविण्यासाठीं लिहीत नाहीं. एका मंडळींत पंचांच्या सभेनें एका कुटुंबाला प्रभुभोजनापासून दूर ठेविलें. त्या सभेस मी अध्यक्ष होतों. आरोप घरगुती भांडणाचा होता. तें कुटुंब तेव्हां ऊसतोडीला गेलेलें. दिवाळीनंतर गेलें तें हंगाम संपल्यावांचून परतणार नव्हतें. सभेंत चौघे जण बोलले, चांगली दोन तास चर्चा झाली, आणि इतिवृत्तांत ‘साधकबाधक विचार करून’ असे शब्द लिहिले गेले. चार तोंडें बोललीं, तरी बाजू एकच होती. त्या मनुष्याच्या खिशांत फोन होता. आमच्यापैकीं एकानेंही तो लावला नाहीं. हंगाम संपून तो आला आणि दारांतच त्याला निकाल कळला. तो चिडून बोलला. तेव्हां पंचांपैकीं एक जण मला म्हणाला, ‘बघा, कसा उलट बोलतो!’ आम्हांला तो निर्णय पुढील सभेंत मागें घ्यावा लागला. पण तें कुटुंब अजून सर्वांच्या मागें, दाराजवळ बसतें.

मग कानउघाडणी करूंच नये काय? करावी, नाथानानें दाविदाची केली. पण त्यानें आधीं एका गरिबाच्या कोंकरीची गोष्ट सांगितली आणि राजाचा निवाडा राजाच्याच तोंडून ऐकून घेतला. ‘तो मनुष्य तूंच’ हें त्यानंतर. आणि ह्याच शब्दांचा दुरुपयोग दुसऱ्या बाजूनेंही होतो, हेंही सांगितलें पाहिजे. दारू पिणाऱ्या नवऱ्याला बायको दहा वर्षांत एकदां मनांतलें सर्व सांगूं लागते, आणि तो म्हणतो, ‘झालें तुझें प्रवचन?’ बोलण्याला नांव ठेविलें, म्हणजे उत्तर देण्याची जबाबदारी संपते. ज्याला उभ्या आयुष्यांत कोणी बोलूं दिलें नाहीं, त्याचें पहिलें बोलणें लांबणारच, तुटक व कडू होणारच. तें चऱ्हाट नव्हे. तें थकलेलें देणें आहे, आणि देणेकरी आपण.

त्या वस्तीवर मी पुढल्या आठवड्यांत पुन्हां गेलों. ह्या खेपेस पुस्तक पिशवींतच ठेविलें. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मला तें फार जड गेलें, हातांना काय करावें हें समजेना. मग ती बाई आपण होऊन बोलूं लागली, ती दिवेलागणीपर्यंत. मी फार तर चार शब्द बोललों असेन. मुलाचें लहानपण, त्याची शाळा सुटली तें, त्याचें मोटारीचें वेड, आणि शेवटीं ती सकाळ. ‘मी त्याला लई बोलले, पाळकसाहेब. भाकर तशीच टाकून तो उठला. मग मला कसंतरी झालं, म्हणून मी दारातून हाक मारली, खाऊन जा म्हणून. तो वळला नाही.’ ती थांबली, आणि माझ्याकडे पाहून तिनें विचारलें, ‘त्यानं ऐकली असंल का ती हाक?’

मीं सांगितलें, ‘ताई, मला ठाऊक नाहीं.’

तिनें मान हालविली आणि ती चुलीकडे गेली. मीं चहा घेतला.